रद्द झालेल्या गेमवरही कोणीतरी राबलेले असते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत, प्रकाशनाआधीच रद्द होणाऱ्या ऑनलाइन गेमवरचा लेख वाचला. गेम जमत नव्हते म्हणून कंपन्यांनी गुंडाळले, वेळीच तोटा वाचवला, असा त्याचा सूर आहे. तो मला अजिबात पटला नाही.

'द लास्ट ऑफ अस' या गाजलेल्या गेमचा ऑनलाइन अवतार नॉटी डॉग या सोनीच्या स्टुडिओने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केला. तो बाजारात आणला तर पुढची कित्येक वर्षे सगळा स्टुडिओ त्यालाच जुंपावा लागेल आणि एकट्याने खेळायचे गेम मागे पडतील, हे कारण त्यांनीच जाहीरपणे दिले. ते खरेही आहे. सर्व्हर सांभाळायचे, फसवून खेळणाऱ्यांना रोखायचे, सतत नवे काही देत राहायचे. ऑनलाइन गेमचे निम्मे काम विक्रीनंतर सुरू होते. पण हे काम हाती घेतानाच माहीत नव्हते का? सोनीने मार्च २०२६ पर्यंत असे सतत चालवावे लागणारे बारा ऑनलाइन गेम आणायचे ठरवले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांतले सहाच वेळेवर येतील असे सांगितले. सेगा या कंपनीने 'हायनाज' हा ऑनलाइन गेम लोकांना चाचणीसाठी खेळायला दिला आणि महिन्याभरातच तो रद्द केला. आधी डझनभर गेम सुरू करायचे आणि खर्चाचा विचार नंतर करायचा, याला लेखक शहाणपण कसे म्हणतात?

मी पुण्यात एका परदेशी ऑनलाइन गेमसाठी शस्त्रांची आणि चिलखतांची थ्रीडी मॉडेल संगणकावर घडवत होतो. एका सकाळी बैठक बोलावून प्रकल्प थांबल्याचे सांगण्यात आले. पगार पूर्ण मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण गोपनीयतेच्या करारामुळे त्यातले एकही मॉडेल मला आजतागायत कोणाला दाखवता येत नाही. मुलाखतीत "मधल्या काळात काय केलंत?" असे विचारतात, तेव्हा गेमचे नावसुद्धा सांगता येत नाही. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा ऑनलाइन गेम बाजारात आल्यावर दोन आठवड्यांत बंद पडला, लोकांचे पैसे परत करावे लागले, तरी त्यावर काम केलेल्यांना निदान गेमचे नाव तरी घेता येते. आमचे काम कंपनीच्या सर्व्हरवर कुलूपबंद आहे आणि ते आता कोणाच्याच उपयोगाचे नाही. गेम रद्द केला तर ठरावीक मुदतीनंतर कलाकारांना आपले काम दाखवता येईल, एवढे एक कलम करारात घालायला प्रकाशकांचे काय जाते? लेखात याबद्दल एक ओळही नसावी, याचे फार वाईट वाटले.

आणखी एक. या लेखासोबत तुम्ही रमीच्या अ‍ॅपचे चित्र छापले आहे. पैसे लावून खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, यांत संसदेनेही ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात फरक केला. माझ्या आईने ते चित्र पाहून मला फोन केला. कृपया पुढच्या अंकात खुलासा छापावा.

आपला,
एक थ्रीडी आर्टिस्ट, पुणे