गोळी कुत्र्यासाठी हवी असेल तर तसं सांगा

संपादक महोदय,

कराडजवळ आमचं मेडिकल आहे. पावसाळा लागला की 'अंगदुखीच्या दोनच गोळ्या द्या' म्हणणारी गिऱ्हाइकं वाढतात. कुणासाठी म्हणून विचारलं की जरा चाचरत उत्तर येतं, 'आमच्या टायगरला हो. लंगडतोय बिचारा.' परवा एका काकांनी तर मला हिशेबच घातला. पोराला डॉक्टर पाव गोळी देतात, टायगर भरतो वीस किलो, मग अर्धीला काय हरकत?

हा हिशेब कुत्र्याला लागू होत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक दुखणं दाबतात, तशी जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारी द्रव्यंही दाबतात, आणि कुत्र्याला ते आपल्यासारखं झेपत नाही. पोटात जखमा होतात, उलटीतून रक्त पडतं, शी डांबरासारखी काळी होते. त्याआधी कुत्रं जेवण टाकून कोपऱ्यात गप्प पडतं आणि घरच्यांना वाटतं, गोळी लागू पडली! आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 ही जोडगोळी तर घरोघरी असते. पॅरासिटामॉलने यकृताला धोका, तो वेगळाच. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

काहीजण माहिती काढून येतात, 'मेलॉक्सिकॅम ही दुखण्याची गोळी कुत्र्यांना देतात ना?' देतात. पण दहा किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवसानंतर रोज साधारण 1 मिलिग्रॅम, तेही पशुवैद्यकाने तपासून. माणसाची गोळी साडेसातची नाहीतर 15 ची. ती सुरीने किती तुकडे करून देणार?

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली, ती हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून. आमच्या काउंटरवरून माणसांची म्हणून जाणारी गोळी कुणाच्या तोंडात पडते, ते मात्र कुणी बघत नाही. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, सुटी गोळी कापून देण्याआधी 'कुणासाठी?' एवढं विचाराच. गिऱ्हाइकांनीही लाजू नये, आम्ही हसत नाही.

गोळी दिली गेलीच असेल, तर कुत्रं वरवर बरं दिसलं तरी स्ट्रिप बरोबर घेऊन लगेच पशुवैद्यकाकडे जा. उलटी करवायची तर ती पहिल्या तास-दोन तासांतच उपयोगी पडते, आणि ती त्यांनीच करवायची. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते.

– एक औषधविक्रेती, कराड तालुका