रिसिव्हरला हातही न लावता तो बोलता करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. जुना स्टिरिओ रिसिव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत) घरात आहे, पण 'याचा रेडिओ गेलाय' असं समजून तो झाकून ठेवलाय, अशी माणसं पुष्कळ असतील. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामी यावं, असं मनापासून वाटतं.

मावशीने अमेरिकेहून परतताना आणलेला हा रिसिव्हर. कॅसेट आणि रेकॉर्ड त्यावर सुरेख वाजत. रेडिओवर मात्र निम्मी स्टेशनं सापडत नव्हती, आणि सापडलेली खरखरत होती. ट्यूनर, म्हणजे स्टेशन पकडणारा भाग, निकामी झालाय, बदलावा लागेल, असं मला सांगण्यात आलं होतं. तुम्हाला फोन केला तर तुम्ही एकच सांगितलंत, "बटण दाबत जा आणि आकडे मोठ्याने वाच." मी वाचू लागले: ८८.१, ८८.३, ८८.५. तिथेच थांबवलंत. "ट्यूनर ठणठणीत आहे. त्याची पावलं तिकडची आहेत."

अमेरिकेत एफएम स्टेशनांच्या आकड्यांचा दशांश विषम असतो, म्हणून हा रिसिव्हर ०.२ मेगाहर्ट्झच्या पायरीने चालत होता. ९६.४ वरचं स्टेशन त्याला नेमकं लागणं शक्यच नव्हतं, एकदा ९६.३ वर थांबायचा, मग थेट ९६.५ वर. मध्यम लहरींचंही तसंच. अमेरिका खंडात तिथली स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, बाकी जगात ९ च्या. म्हणजे दोन्हीकडे जुळणारे आकडे फक्त ९० च्या पटीतले: ५४०, ६३०, ७२०, ८१०. मोजकीच स्टेशनं स्वच्छ येतात आणि शेजारची शीळ घालतात, हे कोडं माझ्यासाठी त्या क्षणी सुटलं. तुम्ही मागच्या बाजूची, ही पायरी बदलणारी लहानशी सरकपट्टी शोधायला लावलीत. पण ती सरकवण्याआधी मेमरीतली स्टेशनं कागदावर लिहून घ्यायला सांगितलंत, कारण पायरी बदलली की बऱ्याच रिसिव्हरांची मेमरी पुसली जाते. माझीही पुसली गेली, आणि कागद हाताशी होता. ही काळजी घेणारी माणसं फार थोडी असतात, काका.

मग अँटेना. माझ्याकडे ती नव्हतीच, तुम्ही तुमच्याकडची चपटी, टी आकाराची दुपदरी वायर पाठवलीत. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर, तिचा अर्धा म्हणजे साधारण दीड मीटर, म्हणून या वायरचे दोन्ही आडवे हात मिळून तेवढे लांब. हे तुम्ही वायरसोबतच्या चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतंत. दुपदरी वायर ३०० ओहमच्या स्क्रूंना, गोल केबल असेल तर ७५ ओहमच्या खोबणीत, हेही त्यातच. अशी अँटेना आपल्या हातांशी काटकोनात असलेल्या दिशेने उत्तम ऐकते आणि टोकांच्या दिशेने जवळपास बहिरी असते, म्हणून भिंतीवर ठोकण्याआधी हातात धरून फिरवायची.

यापुढे तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. मी सिग्नलच्या मीटरचा काटा सर्वांत पुढे जाईल अशी जागा शोधत होते. तुम्ही फोनवरून म्हणालात, "काट्याकडे पाठ कर. बातम्या वाचणाऱ्या बाईंचा 'स' ऐक." आणि खरंच, काटा टोकाला गेला होता त्या जागी 'स' आणि 'श' फाटके येत होते, जणू कुणी कागद चुरगाळतंय. एकाच स्टेशनची लहर सरळही येते आणि इमारतींवर, डोंगरांवर आपटून किंचित उशिरानेही येते. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की आवाज विस्कटतो. काट्याला एकूण जोर तेवढा कळतो, त्यातलं सरळ किती आणि परावर्तित किती हे कळत नाही. अँटेना थोडी तिरकी केली, काटा खाली आला, आणि बाईंचा 'स' स्वच्छ झाला. मग तुम्ही पियानोचा कार्यक्रम लावायला सांगितलात, कारण लांबलेल्या सुरात हा दोष लपत नाही. तुम्ही पलीकडे फोन कानाला लावून माझ्याबरोबर ऐकत होता. फोनवरून तुम्हाला कितीसं ऐकू येत असेल! तरीही घाई केली नाहीत, 'आता ठीक आहे' असं एकदाही स्वतः म्हणाला नाहीत. दर वेळी विचारत राहिलात, "तुला कसं वाटतंय?" माझ्या कानावर असा विश्वास याआधी कुणी ठेवला नव्हता.

दूरच्या त्या एका स्टेशनचं सांगायलाच हवं. आपोआप शोधताना रिसिव्हर त्याच्यावरून पुढे निघून जायचा, कारण कमजोर सिग्नलवर तो थांबत नाही. तुम्ही एफएम मोड मोनोवर (म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज) करून हाताने तिथे जायला सांगितलंत. सूंऽऽ असा आवाज विरला आणि गाणं उरलं. त्यामागचं कारण मला फार आवडलं. १९६१ मध्ये अमेरिकेत स्टिरिओ एफएमची पद्धत मान्य झाली, तेव्हा जुन्या रेडिओंवर काहीही हरवू नये याची काळजी घेतली होती. डाव्या-उजव्या बाजूंची बेरीज पूर्वीच्याच जागी ठेवली, त्यांची वजाबाकी ३८ किलोहर्ट्झवर बसवली, आणि ती ओळखायला १९ किलोहर्ट्झचा बारीक सूर सोबत दिला. एफएममध्ये जसं वरच्या किलोहर्ट्झकडे जावं तसा गोंगाट वाढतो, म्हणून कमजोर सिग्नलची खरखर मुख्यतः त्या वजाबाकीतून येते. मोनो केलं की वजाबाकी बाजूला पडते. स्टिरिओचा लाल दिवा पेटावा म्हणून खरखर सोसत बसण्यापेक्षा मला आता मोनोतलं निवांत गाणं जास्त प्रिय आहे.

आवाज जरासा दबका वाटतो हे मी सहज बोलले, तर त्याचंही उत्तर तुमच्याकडे होतं: तिकडचे रिसिव्हर वरच्या पट्टीतले स्वर थोडे जास्त कमी करतात, कारण तिकडचं प्रसारण त्या हिशेबाने होतं. ट्रेबल किंचित वाढवलं, भागलं.

तुम्ही येऊन सगळं जोडून दिलं असतं तर माझा रिसिव्हर त्याच दिवशी वाजू लागला असता आणि मी आनंदात असते. पण परवा शेजारच्या मुलीचा रिसिव्हर खरखरू लागला, तेव्हा मी तिला सांगू शकले की अँटेना हातात धर आणि 'स' ऐक. ती वायर फिरवत होती, मी गप्प होते. गप्प राहणं किती कठीण आहे ते तेव्हा समजलं, आणि तुमच्याबद्दलचा आदर आणखी वाढला.

आता मध्यम लहरींची चौकटीसारखी अँटेना राहिली आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती एलईडी दिवा आणि मोबाइलच्या चार्जरपासून लांब नेली, गुरगुर बरीच कमी झाली. रात्री लांबची स्टेशनं येऊ लागली आहेत. दिवसा या लहरी शोषून घेणारा वातावरणातला थर सूर्यास्तानंतर विरतो, हे तुमच्याकडूनच कळलं. काल रात्री ७२० च्या आसपास एक अनोळखी भाषा ऐकू आली, वर-खाली होत होती. ती कोणती हे मला ओळखता आलं नाही. एका संध्याकाळी वेळ काढून या, आपण दोघं ऐकू. तुमची वायर मात्र मी परत करणार नाही, ती भिंतीवर आपल्या जागी पक्की बसली आहे.

तुमची कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची पुतणी