देवाला वीट आणणारा न्याय : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज रात्री वाचला आणि फोनवर एवढं सगळं बोलणं व्हायचं नाही म्हणून लिहायलाच बसलोय. मंडळीच्या (आपल्या चर्चच्या) अर्पणाच्या हिशोबावरून खजिनदार भावावर आरोप झालाय, चौकशीच्या कमिटीत तुझं नाव घातलंय, आणि तू म्हणतोस मी पापी माणूस, मी कुणाचा न्याय करणारा कोण, त्यापेक्षा नाव मागे घेतो आणि प्रार्थना करत बसतो. मला विचारशील तर नाव मागे घेऊ नकोस. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण देव प्रेम आहे हे आपण संडेस्कूलपासून घोकलंय पण देवाला कशाची किळस येते ते कुणी आपल्याकडून पाठ करून घेतलं नाही, आणि तुझा प्रश्न नेमका तिथेच येऊन थांबलाय.

नीतिसूत्रे १७:१५ काढ. दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, या दोघांचाही परमेश्वराला वीट आहे, असा त्याचा अर्थ. आपण अन्याय म्हटलं की फक्त दुसरा अर्धा भाग धरतो, बिचाऱ्या निरपराधाला शिक्षा झाली वगैरे. पहिला भाग आपल्याला खटकतच नाही बघ, उलट दोषी माणूस सुटला तर आपण त्याला दया म्हणतो, क्षमा म्हणतो, ख्रिस्ती प्रेम म्हणतो. देवाने मात्र दोन्ही एकाच ओळीत बसवलेत आणि कमीजास्त काही केलेलं नाही.

आता देवाला याचा एवढा तिटकारा का? मला वाटतं याचं उत्तर यहोशाफाट राजाच्या तोंडी आहे, २ इतिहास १९ मध्ये. यहूदाच्या तटबंदीच्या नगरांत त्याने न्यायाधीश नेमले आणि त्यांना बजावलं की काय करता ते सांभाळून करा, तुम्ही माणसांच्या वतीने न्याय करत नाही, परमेश्वराच्या वतीने करता, आणि परमेश्वराजवळ अन्याय नाही, पक्षपात नाही, लाच नाही. मोशेनेही तेच सांगितलं होतं, न्याय देवाचा आहे, म्हणून कुणाचं तोंड बघून घाबरू नका. म्हणजे न्याय ही देवाची वस्तू आहे आणि ती माणसाच्या हातात थोडा वेळ दिलीय. त्या काळी न्याय नगराच्या वेशीत व्हायचा, आणि वेशीत बसलेला न्यायाधीश जेव्हा विधवेची केस पैसे खाऊन फिरवतो तेव्हा ती विधवा घरी जाताना फक्त न्यायाधीशाला शिव्या देत नाही रे, तिच्या मनात येतं की देवही असाच असणार, पैसेवाल्याचा. देवाच्या नावाची एवढी मोठी बदनामी मूर्तिपूजक परक्या राजांनीही केली नसेल. म्हणूनच आमोस संदेष्टा एवढा तापतो. तकोवाचा मेंढपाळ माणूस, उंबराची झाडं राखणारा, आणि उत्तरेच्या राज्यात जाऊन देवाच्या वतीने ओरडतो की तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी विकता आणि गरिबाला जोडाभर वहाणांसाठी, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. उपासना चालू होती, यज्ञ चालू होते, गाणी चालू होती, फक्त वेशीतला न्याय नासलेला होता, आणि तेवढ्यानं देवानं सगळ्या उपासनेकडे पाठ फिरवली.

नाबोथाची गोष्ट तुला माहीतच आहे, तरी १ राजे २१ परत वाच आणि या वेळी अहाब राजा आणि ईजबेल राणीकडे बघू नकोस, नगरातल्या वडिलांकडे, म्हणजे पुढाऱ्यांकडे, बघ. अहाबाला राजवाड्याजवळच्या नाबोथाच्या द्राक्षमळ्यात भाजीचा मळा करायचा होता, नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन मी देणार नाही, आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तो बरोबर होता. ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, शिक्का मारला आणि पाठवली ती नाबोथाच्याच नगरातल्या वडीलधाऱ्यांना. ही माणसं त्याला ओळखणारी, त्याच्या शेजारची. आणि पुढे जे झालं ते सगळं नियमात बसवून झालं! उपास पुकारला. लोकांची सभा भरवली. नियमशास्त्र दोन साक्षीदार मागतं, दोन साक्षीदार आणले, तेही अधम माणसं, त्यांनी सांगितलं की याने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. नगराबाहेर नेऊन धोंडमार केला आणि निरोप धाडला, नाबोथ मेला. एकाही वडिलाने विचारलं नाही की हे दोघे कोण, कधी ऐकलं, कुठे ऐकलं. अनुवाद १९ सांगतं की न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, आणि साक्षीदार खोटा निघाला तर त्याने भावाचं जे करायला घेतलं होतं तेच त्याचं करावं. तेवढं एक कलम सोडलं की बाकी सगळी कार्यवाही व्यवस्थित! मला या गोष्टीत ईजबेलपेक्षा त्या वडिलांची जास्त भीती वाटते, कारण ईजबेल होणं आपल्या आवाक्यातलं नाही पण तो वडील व्हायला काहीच लागत नाही, नुसतं गप्प बसून सही केली की झालं. आणि देव विसरला नाही. एलीया संदेष्ट्याला त्याने थेट त्या द्राक्षमळ्यातच पाठवलं, अहाबाला विचारायला की तू खून केलास आणि वतनही घेतलंस ना, आणि पुढे अहाबाच्या मुलाचं प्रेत नाबोथाच्याच जमिनीच्या तुकड्यावर फेकलं गेलं.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू मला एली याजकात दिसते आणि हे मी बरेच दिवस मनात घोळवतोय, तुला पटतं का सांग. १ शमुवेलात, शिलो इथे हन्ना मंदिरात रडत प्रार्थना करतेय, ओठ हलतायत, आवाज नाही, आणि एली दाराच्या खांबापाशी बसून तिचं तोंड बघून ठरवतो की ही बाई प्यायलीय. लगेच झापतो, किती वेळ झिंगत राहणार. त्याच पुस्तकात पुढच्या अध्यायात त्याचे स्वतःचे मुलगे, हफनी आणि फीनहास, यज्ञाचं मांस जबरदस्तीने उचलतात, दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशी कुकर्म करतात, सगळा इस्राएल येऊन एलीला सांगतो, आणि एली काय करतो, म्हणतो बाळांनो असं करू नका, तुमच्याबद्दल बरं ऐकू येत नाही. बस. त्यांना कामावरून काढलं नाही, आवरलं नाही. परक्या निरपराध बाईला एका नजरेत दोषी आणि घरच्या गुन्हेगारांना एक सौम्य समज. नीतिसूत्रांतल्या त्या वचनाच्या दोन्ही बाजू एकाच माणसात! एलीच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की हन्नाने उत्तर दिल्यावर त्याने ऐकलं आणि तिला आशीर्वाद दिला, पण मुलांच्या बाबतीत देवाने त्याला सरळ सांगितलं की तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांचा मान जास्त राखलास, आणि त्याच्या घराण्याचं याजकपण गेलं. आपल्या मंडळ्यांमध्ये हेच होतं ना रे. कुणी गरीब घरची बहीण चर्चमध्ये उशिरा आली, कपडे जरा वेगळे, की तिच्याबद्दल निकाल तयार, आणि जो मोठा भाऊ मोठं अर्पण देतो, ज्याच्या घरी सगळे पाहुणे पाळक उतरतात, त्याच्याबद्दल कुणा मुलीनं रडत काही सांगितलं तर म्हणायचं जाऊ दे, क्षमा कर, मंडळीचं नाव खराब होईल. याला मी क्षमा म्हणायला तयार नाही. ज्याचं काही गेलंच नाही त्याने दुसऱ्याच्या वतीने क्षमा वाटायची हा कुठला न्याय. याकोब आपल्या पत्रात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बस म्हणणाऱ्यांना दुष्ट विचारांचे न्यायाधीश म्हणतो, तेही मंडळीतल्याच लोकांना.

आणि हो, उलटही विसरू नकोस. निर्गम २३ मध्ये लिहिलंय की गरिबाच्या वादातही त्याचा पक्षपात करू नका, आणि त्याच्या आधीच्या ओळीत, बहुजनांच्या मागे लागून वाईट करू नका, म्हणजे व्हॉट्सअपच्या ग्रुपवर सगळ्यांनी ठरवलं म्हणून ते खरं होत नाही. खजिनदार भाऊ गरीब आहे म्हणून त्याला सोडू नका आणि गरीब आहे म्हणून त्यानेच घेतले असतील असंही धरू नका.

न्याय करावा कसा हे देव स्वतः करून दाखवतो. सदोमाची ओरड त्याच्या कानी आली, त्याला तर सगळं ठाऊक, तरी अब्राहामाजवळ म्हणतो मी खाली जाऊन बघतो की जी ओरड माझ्यापर्यंत आली तसंच त्यांनी केलंय की नाही. एदेन बागेतही शिक्षेच्या आधी प्रश्न आले, तू कुठे आहेस, तू ते खाल्लंस काय. ज्याला चौकशीची गरज नाही तो चौकशी करतो आणि आपण फॉरवर्ड केलेला एक स्क्रीनशॉट बघून निकाल देतो. दावीद राजासारखा माणूसही यात फसला बघ. बंड केलेल्या आपल्याच मुलापासून, अबशालोमापासून, तो पळत असताना सीबा नावाचा चाकर गाढवं, दोनशे भाकरी, मनुका, द्राक्षारस घेऊन आला आणि म्हणाला माझा धनी मफीबोशेथ (आधीच्या शौल राजाचा नातू) तर यरुशलेमात राज्य मिळायची वाट बघत बसलाय, आणि दावीदाने तिथल्या तिथे त्याची सगळी मालमत्ता सीबाला देऊन टाकली, दुसरी बाजू न ऐकता. परत आल्यावर तो लंगडा मफीबोशेथ समोर उभा, राजा गेल्यापासून पाय धुतले नाहीत, दाढी केली नाही, म्हणतो चाकराने मला फसवलं. दावीदाने जमीन अर्धी अर्धी वाटून दिली, पण पहिला निकाल घाईचाच होता, आणि तो घाईचा झाला कारण सीबा भाकरी घेऊन आला होता. याच्या उलट यहोशवा २२. यार्देन नदीजवळ रऊबेन, गाद आणि अर्ध्या मनश्शेच्या वंशांनी देवाची ठरलेली वेदी सोडून दुसरी मोठी वेदी बांधली असं ऐकून सगळा इस्राएल लढायला जमला होता, पण आधी त्यांनी फीनहास याजक (हा एलीचा मुलगा नव्हे, एलाजाराचा) आणि दहा सरदार विचारायला पाठवले. कळलं की वेदी यज्ञासाठी नाहीच, पुढच्या पिढ्यांना आठवण राहावी म्हणून आहे. नुसतं जाऊन विचारलं म्हणून भावाभावांतली लढाई टळली.

तू मत्तय ७ लिहिलंस, न्याय करू नका. पण तिथेच पाचव्या ओळीत प्रभू म्हणतो आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढायचंच आहे, फक्त नीट दिसणाऱ्यानं. आणि योहान ७:२४ मध्ये तर तो सरळ आज्ञा देतो, तोंड पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. त्याच अध्यायात शेवटी निकदेम, त्यांच्यातलाच एक, येशूबद्दल परुश्यांना (त्या वेळच्या धर्मपुढाऱ्यांना) विचारतो की माणसाचं आधी ऐकल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं काय, आणि त्याला उत्तर काय मिळतं, तूही गालीलाचा (येशूच्या मुलखाचा) आहेस काय! असा प्रश्न विचारणाऱ्याला टोमणा मिळतोच, तुलाही मिळेल, आधीच सांगून ठेवतो.

आता जे मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं ते. आपल्या प्रभूचा खटला बघ. साक्षीदारांच्या साक्षी जुळल्या नाहीत असं मार्क लिहितो, म्हणजे नियमशास्त्राप्रमाणे केस तिथेच संपायला हवी होती. महायाजक कयफाचं तर आधीच ठरलेलं, सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एक माणूस मेलेला बरा. (कमिटीत कुणी म्हणालं ना, विषय वाढवू नका, एकाने राजीनामा दिला की शांतता होईल, तर हे वाक्य आठव.) रोमी सुभेदार पिलात लूकच्या शुभवर्तमानात तीनदा म्हणतो मला याच्यात दोष सापडत नाही, आणि तरी त्याला वधस्तंभाकडे देतो आणि दंगा व खून केलेल्या बरब्बाला सोडतो. एकाच सकाळी नीतिमान दोषी आणि दुष्ट निर्दोष. देवाला ज्याचा वीट येतो ते सगळं, दोन्ही बाजूंनी, त्याच्या स्वतःच्या पुत्राच्या अंगावर आलं.

आणि इथे मी दरवेळी थांबतो, कारण रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो. मग देवाने तेच केलं का ज्याचा त्याला वीट येतो? नाही रे. पौल अध्याय ३ मध्येच उत्तर देऊन ठेवतो की येशूच्या रक्ताने प्रायश्चित्त झालं ते यासाठी की देव स्वतः न्यायी ठरावा आणि विश्वास ठेवणाऱ्यालाही नीतिमान ठरवावं. पाप डोळ्याआड केलं नाही, हिशोब फाडून टाकला नाही, पुत्राने स्वतःहून आपला प्राण दिला, कुणी त्याच्याकडून हिसकावला नाही, आणि पूर्ण किंमत भरली गेली. मी माफ झालोय तो देवाने न्याय सोडला म्हणून झालो असतो तर मला रात्री झोप लागली नसती, कारण आज सोडला तो उद्या परत धरेल. तो न्याय पूर्ण करून मला सोडवतो म्हणून माझ्या पायाखाली जमीन आहे. आणि ज्याला अशी सुटका मिळाली त्याने कमिटीत बसून दुसऱ्याच्या बाबतीत खोटा निकाल द्यायचा, कडक असो की मऊ, हे मला सहनच होत नाही.

म्हणून तू बस त्या कमिटीत. मीटिंगच्या आधी त्या भावाला आरोप लेखी मिळालाय का ते विचार, नुसतं ऐकीव नको. कुणी काय पाहिलं आणि कुणी काय ऐकलं हे वेगळं लिहून घ्या. पौल आपल्या सहकारी तीमथ्याला सांगतो की मंडळीच्या वडिलावरचा (पुढाऱ्यावरचा) आरोप दोन तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको, पण पाप करत राहणाऱ्यांना सगळ्यांसमोर दोष दे, आणि कशातही पक्षपात करू नको, तेव्हा दोन्ही वाक्यं सोबत न्या. पासबुक आणि व्हाउचर बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. कमिटीतल्या कुणाचं त्याच्याशी जुनं भांडण असेल किंवा नातं असेल तर त्याने बाजूला व्हावं. घेतले असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि परतफेडीचं ठरवा, घेतले नसतील तर ज्या उपासनेत त्याच्याबद्दल कुजबुज झाली त्याच उपासनेत उभं राहून सांगा की हा भाऊ निर्दोष आहे, आणि हे मात्र मंडळ्या सहसा करत नाहीत.

आणि मीटिंगची वाट न बघता या आठवड्यात एकदा त्याच्या घरी जा. निकालाचं काही बोलू नकोस, त्याची बायको मुलं कशी आहेत ते बघ, कारण गेले दोन रविवार ती दिसली नाहीत असं तूच लिहिलंयस. मीटिंगची तारीख कळव, त्या दिवशी मी इथे तुझ्यासाठी आणि त्याच्यासाठी प्रार्थनेत असेन. वहिनींना सलाम सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझाच मित्र