सूचना : दोषनोंदीसोबत खरी कागदपत्रे जोडू नयेत

लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या चाचणीत सहभागी असलेल्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, बगझिला या सॉफ्टवेअरमधील दोष नोंदविण्याच्या संकेतस्थळावर नोंदविलेला दोष आणि त्यासोबत जोडलेली फाइल जगात कोणालाही पाहता व उतरवून घेता येते. त्यामुळे जोडाक्षर तुटत असल्याचे दाखविण्यासाठी घरचा सातबारा किंवा पगारपत्रक न जोडता, तेच अक्षर तुटेल अशी दोन ओळींची नवी फाइल तयार करावी. दुरुस्ती करणाऱ्यालाही तीच सोयीची पडते. फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले लेखकाचे नाव पुसावे. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात डोकावणारा व्हॉट्सॲपचा संदेश तर सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. सुरक्षेला धोका पोहोचविणारी त्रुटी आढळल्यास मात्र ती बगझिलावर न मांडता प्रकल्पाच्या सुरक्षा पथकाला खासगीत कळवावी आणि दुरुस्ती प्रसिद्ध होईपर्यंत आपल्या गटातही तिची चर्चा करू नये.