बिल भरण्याच्या पानावरील सर्टिफिकेटच्या इशाऱ्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : सर्व्हरवरची अपुरी सर्टिफिकेट साखळी आणि तिच्यावर मिळालेला घातक सल्ला

महोदय/महोदया,

बिल भरण्याच्या आपल्या सबडोमेनवरचे (मुख्य साइटच्या नावाखालच्या पत्त्यावरचे) सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला, बदलले, तेव्हापासून तेथे सुरक्षेचा इशारा येतो. फायरफॉक्सच्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये 'सेक एरर अननोन इश्युअर' (जारीकर्ता अनोळखी) दिसते, कर्ल हे कमांडने पान मागवणारे साधन 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट' (जारीकर्त्याचे सर्टिफिकेट मिळत नाही) म्हणून थांबते, आणि आपल्याच अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये बिलाचे पान उघडत नाही. ग्राहक सेवेचे उत्तर असे : कॅशे साफ करा, घड्याळ तपासा, नाहीच जमले तर 'प्रगत' दाबून पुढे जा.

घड्याळ चुकले असते तर तारखेच्या चुकीचा वेगळा कोड आला असता. अँटीव्हायरस मध्ये पडला असता तर 'जारीकर्ता' या रकान्यात त्याचेच नाव दिसले असते. तेथे नाव आपल्या सर्टिफिकेट अथॉरिटीचेच, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचेच, आहे. मुदत आणि डोमेनचे नाव दोन्ही बरोबर आहेत. कॅशेचा तर येथे संबंधच नाही.

दोष सर्व्हरवर आहे. ओपनएसएसएल या सर्टिफिकेट तपासण्याच्या साधनातील एस-क्लायंट या कमांडने, सर्व्हरनेम आणि शोसर्ट्स हे पर्याय देऊन, ४४३ पोर्टवर पाहिले असता साखळीत शून्य क्रमांकाचे एकच सर्टिफिकेट येते, म्हणजे फक्त आपले. शेवटी पडताळणीचा कोड २१ : पहिल्याच सर्टिफिकेटची खात्री करता आली नाही. आपल्या सर्टिफिकेटवर सही इंटरमीडिएटची, म्हणजे अथॉरिटीच्या मधल्या सर्टिफिकेटची आहे, आणि ब्राउझरच्या विश्वासाच्या यादीत असते ते रूट, म्हणजे तिचे मूळ सर्टिफिकेट. मधला दुवा सर्व्हरने स्वतः पाठवायचा असतो. तो पाठवला जात नाही.

'आमच्याकडे तर साइट चालते' हे आपले म्हणणे खोटे नाही, पण त्याने काही सिद्ध होत नाही. डेस्कटॉपवरचा क्रोम, सर्टिफिकेटातच नोंदलेल्या पत्त्यावरून, हरवलेले इंटरमीडिएट स्वतः आणतो. फायरफॉक्स तसे करत नाही. तो अशी सर्टिफिकेटे आधीच उतरवून ठेवतो, म्हणून जुन्या प्रोफाइलमध्ये चूक झाकली जाते आणि कोऱ्यात उघडी पडते. कर्ल आणि बहुतेक अ‍ॅप सहसा यांपैकी काहीच करत नाहीत. तेव्हा चाचणी क्रोमवर घेऊन तक्रार बंद करू नये.

'पुढे जा' हा सल्ला मात्र दोषाहून वाईट आहे. मधे बसून स्वतःचे सर्टिफिकेट पुढे करणाऱ्या हल्लेखोरामुळे येणारा इशारा आणि आपला इशारा सामान्य ग्राहकाला सारखाच दिसतो. जेथे कार्डाचा क्रमांक टाकायचा, नेमके तेथेच इशारा ओलांडायची सवय आपण लावत आहात. गंमत म्हणजे आपली मुख्य साइट सबडोमेनसह एचएसटीएस, म्हणजे फक्त सुरक्षित जोडणीच वापरण्याची ब्राउझरला दिलेली सक्तीची सूचना, लावते. ती एकदा उघडलेल्या ब्राउझरमध्ये पुढे जाण्याचे बटणच येत नाही, म्हणजे सल्ला पाळायचा म्हटला तरी पाळता येत नाही.

सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या माहितीवरून (हेडर) सर्व्हरचे सॉफ्टवेअर एनजिनएक्स दिसते. त्याच्या 'एसएसएल सर्टिफिकेट' या ओळीतल्या फाइलमध्ये आधी आपले सर्टिफिकेट आणि त्याखाली इंटरमीडिएट हवे. रूट घालण्याची गरज नाही. सर्टिफिकेट आपोआप आणणारे सर्टबॉट हे साधन असेल तर 'सर्ट डॉट पेम'ऐवजी 'फुलचेन डॉट पेम' द्यावी. क्रम उलटा झाला तर सर्टिफिकेटशी की (गुप्त किल्ली) जुळत नसल्याची चूक येते. दोन सर्टिफिकेटांमध्ये नवी ओळ घालायची राहून गेली तर फाइल वाचलीच जात नाही. आधी कॉन्फिगरेशनची चाचणी, मग रीलोड. रीलोड न करता नुसती फाइल बदलून उपयोग नाही, आणि लोड बॅलन्सरमागे (काम वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) अनेक सर्व्हर असतील तर प्रत्येकावर हे करावे लागेल.

ही दुरुस्ती एकदा हाताने करून भागणार नाही. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस ठरली आहे. नूतनीकरणाच्या स्क्रिप्टमध्ये चुकीची फाइल राहिली तर हाच इशारा वर्षातून अनेकदा येईल.

तरी पूर्ण साखळी बसवून वरील ओपनएसएसएल चाचणीचा निकाल, पडताळणी कोड शून्य असलेला, लेखी कळवावा. ग्राहक सेवेच्या ठरावीक उत्तरातून 'प्रगत दाबा' हे वाक्य काढून टाकावे. इशाऱ्यामुळे ज्या ग्राहकांना मुदतीत बिल भरता आले नाही, त्यांना विलंब शुल्क लावू नये. लावले असल्यास परत करावे.

आपला विश्वासू,
एक खातेदार ग्राहक

सोबत : एस-क्लायंटचे पूर्ण आउटपुट आणि फायरफॉक्समधील इशाऱ्याचा स्क्रीनशॉट