किंग्स्टनच्या दफनभूमीतून

किंग्स्टन-अपॉन-टेम्स,
३१ मार्च

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आज सकाळी दवाने भिजलेल्या गवतातून इथल्या दफनभूमीत गेले आणि दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश वैमानिक सिरिल बार्टन याच्या थडग्यापाशी डॅफोडिलची चार फुले ठेवून आले. वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी, याच तारखेला तो गेला.

१९४४ साली ३० मार्चच्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरावर बॉम्ब टाकायला निघालेल्या ७९५ ब्रिटिश विमानांपैकी ९५ परतली नाहीत. चांदणे पडलेले, त्यामुळे जर्मन लढाऊ विमानांना ती सहज टिपता येत होती. लक्ष्य शंभरेक किलोमीटरवर असताना बार्टनच्या हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमानावर हल्ला झाला, एक इंजिन निकामी झाले, आपसांत बोलण्याची यंत्रणा बंद पडली आणि त्या गोंधळात एका खुणेचा चुकीचा अर्थ घेऊन नेव्हिगेटरसह तिघांनी पॅराशूट घेऊन उड्या टाकल्या. वाट सांगणारेच कोणी उरले नसताना त्याने बॉम्ब टाकून विमान वळवले आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत साडेचार तासांनी इंग्लंडचा किनारा गाठला, तोही आपल्या तळापासून ९० मैल उत्तरेला. तिथे राइहोप या खाणकामगारांच्या गावावर इंधन संपले. घरे चुकवण्याची शर्थ करताना विमान कोसळले. उरलेले तिघे साथीदार वाचले, तो मात्र वाचला नाही. कामावर निघालेला एक खाणकामगारही त्यात गेला. त्याचे, आणि त्या रात्री बॉम्बखाली सापडलेल्यांचेही, मला वाईट वाटते.

जूनमध्ये बार्टनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान जाहीर झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १० जुलैला, आपले नाईक यशवंत घाडगे इटलीत एकटेच मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. तेही २२ वर्षांचेच होते, आणि त्यांनाही तोच सन्मान मिळाला. बाबा, माणगावात त्यांच्या पुतळ्यासमोर तुम्ही सायकल थांबवून मला हात जोडायला लावायचात, ते आज थडग्यापाशी उभी असताना आठवले.

आई, बार्टनने आपण परतलो नाही तर द्यावे म्हणून आईसाठी एक पत्र लिहून ठेवले होते. ते उघडताना त्या माउलीचे काय झाले असेल, हे मुलगी झाल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

यंदा १० जुलैला पुतळ्यापाशी जाल, तेव्हा एक फूल बार्टनच्या नावानेही वाहा.

तुमची,
धाकटी