सिग्नल व टेलिफोन पथकाचे आवाहन: टोकनच्या केबलसाठी मदत हवी

सर्व सभासद, देणगीदार आणि स्नेही यांस,

स. न. वि. वि.

हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून आधी अडचण सांगतो. आपल्या छोट्या रेल्वेलाइनवरच्या दोन स्टेशनांमधली टोकन यंत्रे (एकेरी लाइनवर जाण्याचा परवाना म्हणून चालकाला द्यायचे टोकन यातून निघते) ज्या केबलवर चालतात ती केबल गेल्यात जमा आहे. परवा जोडपेटी उघडली तर तारांवरचे रबर बोट लागताच भुगा होऊन गळाले, आत तांबे हिरवे पडलेले. कोरड्या हवेत यंत्र कसेबसे चालते; पाऊस पडला की करंट जमिनीत उतरतो आणि टोकन सुटत नाही. नवी केबल पडेपर्यंत लाइनवर एका वेळी एकच गाडी चालवायची, असे ठरले आहे. म्हणजे दोन्ही इंजिने धडधाकट असूनही गर्दीच्या दिवसांचे दोन गाड्यांचे वेळापत्रक बाद.

‘एवढ्याशा लाइनला टोकन कशाला, फोनवर सांगितले की झाले,’ असे वार्षिक सभेत एका सभासदांनी सुनावले. त्यांच्यासाठी दोन ओळी. १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, त्या तारेने धाडलेल्या निरोपाच्या घोळामुळेच. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेट (टोकनसारखीच परवान्याची चकती) देणारे यंत्र आणले: दोन टोकांची यंत्रे विजेने एकमेकांना बांधलेली, एक टॅब्लेट बाहेर असली की दुसरी कुठल्याच टोकाला निघत नाही. आपली टोकने त्याच वंशातली. तिथेही माणूस गाफील राहिला तर काय होते ते १९२१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूलला दिसले. गाडीवर चुकीची टॅब्लेट दिली गेली, कोणी वाचून पाहिली नाही, १७ जण दगावले. असो.

पथकाने आजवर जे उभे केले ते आपल्यापैकी अनेकांच्या जिवावर, हे इथे लिहिलेच पाहिजे. केबिनमधली लिव्हर फ्रेम (सिग्नल आणि सांधे हलवणाऱ्या दांड्यांची चौकट) भंगारात निघाली होती. दोघा भावांनी स्वतःचा ट्रक आणून ती रातोरात उचलली, आणि लॉकिंगच्या पट्ट्या (चुकीची दांडी ओढू न देणाऱ्या) सुट्या करताना प्रत्येकीवर खडूने नंबर घातला, म्हणून ती पुन्हा जुळली. आज सांधा (गाडीचा रूळ बदलणारा) पुरता बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल पडत नाही, त्याचे श्रेय त्या खडूला. मॅग्नेटो फोन ज्यांनी दिले त्या बाई नाव छापू देत नाहीत; पण हँडल फिरवल्यावर पलीकडच्या केबिनमध्ये पहिल्यांदा घंटी वाजली तेव्हा त्या हजर होत्या आणि रिसीव्हर त्यांनीच उचलला. आणि आमचे निवृत्त मिस्त्री! रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) चांदीच्या कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर लावायचा नाही, कोऱ्या जाड कागदाची पट्टी मधून अलगद ओढायची, हे त्यांनी प्रत्येक नव्या पोराला शिकवले. फोनच्या माउथपीसमधले कार्बनचे दाणे दमट हवेत धरून बसले की टिचकी कुठे मारायची तेही त्यांनाच ठाऊक. गुडघे साथ देत नाहीत, तरी खुर्ची टाकून बसतात आणि चुका काढतात. त्यांचे ऋण फिटणारे नाही.

आता थोडे मनातले. बॉयलर निधी बघता बघता भरला, आनंदच आहे. आमच्या मागच्या आवाहनाला मात्र टाळ्या भरपूर आल्या, पावतीपुस्तक जवळजवळ कोरे राहिले. केबलशेजारी उभे राहून कोणी फोटो काढत नाही, हे आम्हाला समजते. ऊन वाढले की सिग्नलची तार सैल पडते आणि सिग्नलचा हात अर्धवट लोंबकळतो. ती तार पहाटे जाऊन ताणणाराही कुणाच्या फोटोत नसतो. तक्रार नाही. पण इंजिन कितीही चकचकीत असले तरी सिग्नल पडल्याशिवाय ते स्टेशन सोडत नाही.

काय हवे: तांब्याची अनेकपदरी जमिनीखालची केबल (नवी किंवा न वापरलेली), जोडपेट्या, चालू बॅटऱ्या (घरातल्या बाद झालेल्या कृपया आणू नयेत, मागे ढीग झाला होता), कप्प्या, ग्रीस. चेक संस्थेच्या नावे, मागे ‘सिग्नल निधी’ असे लिहावे, नाहीतर रक्कम सर्वसाधारण खात्यात जाते आणि तिथून ती परत काढताना काय होते ते जुन्यांना विचारा. रोख फक्त कोषाध्यक्षांकडे, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. चर खणायला माणसे हवीत; विजेचे ज्ञान नको, खडीवरून चालता यावे एवढेच. आधी सुरक्षेची माहिती दिली जाईल, ती चुकवून रुळावर उतरता येणार नाही. नावे केबिनमधल्या वहीत किंवा माझ्याकडे. तपासणी हंगामाआधी आहे, केबल त्याआधी पडायला हवी, तेव्हा जे काही करायचे ते याच महिन्यात.

आपला,
सचिव, सिग्नल व टेलिफोन पथक

ता. क.: पथकाचा मेगर (तारेवरचे आवरण शाबूत आहे का ते तपासायचे यंत्र) कोणीतरी घरचे वायरिंग तपासायला नेला आहे. नवी केबल त्याच्याशिवाय तपासता येत नाही. केबिनच्या दाराशी ठेवला तरी चालेल, कोण ठेवून गेले हे विचारणार नाही.